सोवळं यंत्र घेऊन ढावलो ऐकायला

धामणगावच्या फलाटावर पाय ठेवला आणि सगळ्यात आधी कावळा ऐकला. सांगलीत कावळे नाहीत असं नाही, पण गेली काही वर्षं ते माझ्यापुरते मुके झाले होते. चोच उघडताना दिसायची, आवाज मात्र शून्य. आता दोन्ही कानांत नवी यंत्रं बसवलेली, आणि हा विदर्भातला कावळा असा काही कोकलला की मी बॅग खाली ठेवून उभाच राहिलो. मागून एक बाई म्हणाली, "सरका ना हो काका, मधातच काहून उभे राह्यले?" (मधात म्हणजे मध्येच, काहून म्हणजे का.) तेही लख्ख ऐकू आलं. काय सांगू, कुणी माझ्यावर डाफरल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता!

निघालो होतो उमरखेडकडच्या एका तांड्यावर, परसरामच्या मुलीच्या लग्नाला. परसराम माझा जुना जोडीदार. तरुणपणी वणीला खाणींच्या नकाशांची नोकरी करत होतो तेव्हा तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. तो गोरमाटी, म्हणजे बंजारा. त्याचे पूर्वज बैलांवर माल लादून देशभर फिरायचे, आता तांड्यावर सगळ्यांची शेती. मी नोकरी बदलून सांगलीला आलो तरी आमची दोस्ती तुटली नाही, आणि त्याची दीपाली दहावीत गेली तेव्हा गणिताचा मास्तर म्हणून त्यानं मलाच पकडलं. दर रविवारी ती फोन करायची, मी पलीकडून त्रिकोण सोडवून द्यायचो. हुशार पोरगी! मला खोडून काढायची.

मग माझे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. ती बारावीला असताना फोनमधला आवाज कुणी गुळण्या कराव्यात तसा यायला लागला. ती काहीतरी विचारायची, मी "हो, हो, बरोबर" म्हणायचो. एकदा चक्क चुकलेल्या उत्तराला बरोबर म्हणालो आणि तिनं तेच परीक्षेत लिहिलं. त्यानंतर मी तिचा फोन उचलणंच सोडलं. बाहेर गेलेत, कामात आहेत, असे निरोप बायकोकडून दिले. खरं कारण ना पोरीला सांगितलं ना परसरामला. साठीच्या आत बहिरा झालो हे कबूल करायला जीभच रेटेना. ती पुढं नागपूरला नर्स झाली, माझ्याशिवाय झाली.

आणि महिन्यापूर्वी परसरामचा निरोप आला. "पोरीचं लगन हाय. माह्या याडीकून (आईकडून) तिनं ढावलो शिकून घेतला. आजकालच्या पोरी शिकत नाहीत बावा. तू ऐकाले ये." ढावलो म्हणजे बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना रडत रडत गाते ते गाणं. मी त्याच क्षणी ठरवलं, जायचं. पुढच्या खुर्चीवर बसायचं आणि दीपालीचा शब्द न् शब्द ऐकायचा. इतकी वर्षं जिचा आवाज टाळला, तिचा एवढा एक आवाज तरी चुकवायचा नाही. आणि कुणाला कळूही द्यायचं नाही की कानात यंत्र आहे. त्यासाठी मी कानापर्यंत येणारी टोपी घेतली होती.

यंत्राची तऱ्हा मात्र सांगायलाच हवी. ते घेतलं तेव्हा दुकानातला माणूस म्हणाला, हे फोनशी बोलतं. वा! घरी येऊन पाहतो तर माझ्या फोनशी अबोला. ते एकाच कंपनीच्या फोनशी बोलतं. घेतला तो फोन. त्या फोनला इअरफोनचं भोकच नाही, खोक्यात चार्जर नाही. तोही वेगळा घेतला. यंत्राची चार्जिंगची डबी पुन्हा निराळी, तिचा अडॅप्टर निराळा. हे म्हणजे एक जावई आणला तर त्याच्या मागून त्याचं सगळं गोत जेवायला बसलं!

धामणगाव ते यवतमाळ एसटीत खिडकीशी बसलो. मार्च महिना. सागाची झाडं पानं गाळून उभी, आणि त्यांच्यामधून पळस असा लालभडक फुललेला की पाहत राहावं. एसटीचा पत्रा न् पत्रा वाजत होता, मला त्याचंही कौतुक. शेजारी मांडीवर कोंबडी घेतलेले एक आजोबा बसले होते. "कुठी चालले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, उमरखेड, लग्नाला. "मंग आज यवतमायलाच राहा. उन्हातानात कायले घाई करता?" कोंबडीनं मध्येच कुक् केलं, तेही मी ऐकलं.

यवतमाळच्या बसस्थानकाजवळ लॉज घेतला, हातपाय धुतले, आणि यंत्र चार्जिंगला लावावं म्हणून बॅग उघडली. डबी आहे. वायर नाही. अडॅप्टर नाही. बॅग पलंगावर उपडी केली, कपडे झटकले, बुटातसुद्धा पाहिलं. मग डोक्यात उजेड पडला. आदल्या रात्री गाडीत डबी लावली होती. सॉकेट ढिलं, यंत्र अर्धवटच चार्ज झालं. सकाळी डबी तेवढी उचलली, आणि ते सगळं बाड तिथंच लटकत ठेवून मी कावळे ऐकायला उतरलो. गाडी केव्हाच नागपूरला पोचलेली. फोनवर यंत्राचा आकडा पाहिला. पंधरा टक्के. आणि दीपालीची पाठवणी परवा सकाळी.

बाजारात धावलो. पहिल्याच दुकानात भिंतभर वायरी टांगलेल्या, पिवळ्या, काळ्या, गुंडाळलेल्या, लोंबणाऱ्या. माझा जीव भांड्यात पडला. दुकानदार पोटानं आणि मनानंही मोठा माणूस. "काका, हे तं साधी पिन हाय, आता लावतो," म्हणाला. वायर अगदी चपखल बसली. डबीवर लाल दिवा लुकलुकला आणि विझला. दुसरी वायर, तेच. तिसरी, तेच. त्यानं स्वतःच्या फोनचा चार्जर काढून लावला, शेजारच्या दुकानातून दोन आणवले. पिन सगळ्यांची बसायची, वीज कुणाचीच घेईना.

"ओळखूनच नाही राह्यली ना तुमची डबी," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "भोक सारखं, पिन सारखी, मंग इले काय तकलीफ हाय?"

"हिला तिच्या माहेरचीच वीज लागते," मी म्हणालो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. अहो, पिनच बसली नसती तर समजलं असतं! दार उघडून आत घ्यायचं आणि पाणी विचारायचं नाही, ही कुठली रीत?

लॉजवर येऊन कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. गंमत पाहा, ऐकू येत नाही ही तक्रार करायची आणि तीही ऐकूनच. वाट पाहताना जी धून वाजवतात ती यंत्रातून थेट माझ्या कानात, आणि त्या धुनीनं चार टक्के खाल्ले. शेवटी एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर, अधिकृत केंद्रात या, तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं नागपूर. मी म्हटलं, मी यवतमाळला आहे, परवा सकाळी उमरखेडपुढं हजर राहायचंय. ती म्हणाली, सर, मी आपली अडचण समजू शकते. मी फोन ठेवला, यंत्रं कानातून काढून डबीत बंद केली आणि ठरवलं की आता ढावलोपर्यंत ती उघडायची नाहीत. कावळे पुन्हा मुके झाले.

दुसऱ्या दिवशीचा प्रवास असा बिनआवाजाचा झाला. पण खरं सांगतो, उत्साह जराही कमी झाला नाही, उलट शर्यतीत धावल्यासारखं वाटत होतं. आर्णीला गाडी थांबली तेव्हा तर्री पोहे (पोह्यांवर चण्याचा लालजर्द झणझणीत रस्सा) खाल्ले, डोळ्यांतून पाणी आलं, आणखी एक प्लेट घेतली. तिथंही एका दुकानात डबी दाखवली. लाल दिवा. महागावला गाडी दहा मिनिटं थांबणार होती, तेवढ्यात उतरून एकाला दाखवली. लाल दिवा. गाडी सुटली होती, मी हात हलवत मागं धावलो, आणि कंडक्टर दारात उभा राहून काहीतरी जोरात बोलत होता. ऐकू आलं नाही हे बरंच झालं.

उमरखेडच्या अलीकडं गाडीत एक वास शिरला. ओल्या मातीचा, कडसर, उबदार. शेतांमधून मोठाल्या कढयांखाली जाळ होता, वाफेचे लोट उठत होते. हळद शिजत होती! वाळत घातलेल्या हळदीचे पिवळे पट्टे रस्त्यापर्यंत आलेले. लग्नघरी जायला यापेक्षा चांगली वाट असूच शकत नाही.

उमरखेडच्या बसस्थानकासमोर मोबाईल दुरुस्तीची एक टपरी दिसली. आत चाळिशीच्या बाई, डोळ्याला भिंग लावून एका उघड्या फोनवर वाकलेल्या. पाटीवर लिहिलं होतं, सुनंदा मोबाईल. मी डबी पुढं ठेवली आणि सवयीप्रमाणं खोटं बोललो, "माझ्या एका मित्राची आहे." ताईंनी माझ्या कानांकडं एकदा पाहिलं, आणि एक वहीचं पान पुढं ओढून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'केव्हापर्यंत पाहिजे?' मी ओशाळलो. त्याच पानावर लिहिलं, 'उद्या सकाळी. पोरीची पाठवणी.'

त्यांनी हातातलं काम बाजूला सारलं. मीटर लावला, वायर सोलून लावली, निरनिराळ्या चार्जरची जोडणी करून पाहिली. दुसरी युक्तीही काढली. फोनच माणसाचा आवाज मोठा करून इअरफोनमध्ये देऊ शकतो म्हणे. ताईंनी त्यांचे स्वतःचे इअरफोन काढले. माझ्या फोनला भोक नाही. भोकाला जोड मिळतो तो दुकानात होता, तो लावला. फोननं पडद्यावर लिहिलं, हे साधन चालणार नाही. मी तो फोन नाल्यात फेकणार होतो! ताईंनीच माझा हात धरला.

मग त्यांनी माझ्या कानाशी येऊन, शांतपणे सांगितलं, "आतमध्ये चिप हाय काका. ते विचारते, तू आपल्या घरचा हायस का. मी कितीही वीज देली तरी मले त्याचं उत्तर देता येत नाही. डबी उघडू शकते मी. पण बिघडली तं तुमचे कानच जातीन. म्हणून मी उघडत नाही." त्यांनी एक पैसा घेतला नाही. वर म्हणाल्या, "पोरीले माह्याकून आशीर्वाद सांगा." एवढ्या प्रामाणिक हातात माझी वस्तू पडली आणि वस्तूच नालायक निघाली, याचं मला फार वाईट वाटलं.

परसराम मोटारसायकल घेऊन आला. पांढरं धोतर, डोक्याला गुलाबी फेटा, पोट सुटलेलं. मला पाहताच त्यानं स्थानकावरच मिठी मारली. गाडीवर मागं बसल्यावर तो तांड्यापर्यंत बोलत होता आणि मी त्याच्या पाठीमागं "हो ना, हो ना" करत होतो. तांड्यात शिरताच मांडव दिसला, लाल-पिवळ्या पताका, ट्रॅक्टरवर भोंगे. परसरामची याडी ओट्यावर बसली होती. आरशांची कांचळी (चोळी), घेरदार फेटिया (घागरा), हातभर चुडा. तिनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. दीपालीही समोर आली, हळद लागलेली, उंच, डोळ्यांत तीच धार. पाया पडली आणि काहीतरी म्हणाली. मी मान हलवली. तिनं पुन्हा म्हटलं. मी पुन्हा मान हलवली. ती एक क्षण माझ्याकडं पाहत राहिली, मग तिला मैत्रिणींनी ओढून नेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवायला बसलो तेव्हा परसरामला सगळं सांगितलंच. कान, यंत्र, डबी, नागपूर, सगळं. न सांगून करतो काय? तो आधी हसला, मग माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "अबे जोश्या, हे यंत्र तं तुह्या आजीसारखं सोवळं हाय! परक्याच्या हातचं पानीच नाही पेत!" मग माझ्या ताटात आणखी एक बाटी (ज्वारीची भाकर) आणि वाटीभर तूप घातलेली लापशी वाढली. पुन्हा कानाशी येऊन म्हणाला, "मले आधी सांगतास तं म्या काय तुले टाकून देलं असतं?" त्या संध्याकाळी लग्न लागलं. लोकांचे हात उठले तेव्हा मीही अक्षता टाकल्या.

सकाळ उजाडली. मांडवात खुर्च्या होत्या, मी भल्या पहाटे उठून पहिल्या ओळीतली मधली पकडली. अकरा टक्के. पुष्कळ झाले, दहा-पंधरा मिनिटं तर मिळतील. बायका जमल्या, नवरी आली, तिनं याडीकडं, आपल्या आजीकडं, पाऊल टाकलं. मी टोपी सारली, यंत्रं कानात बसवली. टुंग! आवाज आला! बांगड्यांचा, लांबच्या ट्रॅक्टरचा, आणि मग दीपालीचा. एक लांबच लांब, वर चढत जाणारा स्वर, मध्येच हुंदक्यानं चिरलेला. अंगावर काटा आला. पहिली ओळ संपायच्या आत दोन्ही यंत्रांनी एक छोटीशी उतरती धून वाजवली, आणि संपलं. तो अकराचा आकडाही खोटाच निघाला.

समोर तोंडं हलत होती. दीपाली याडीच्या गळ्यात पडलेली, खांदे हलतायत, भोवती बायका पदर डोळ्यांना लावतायत. मी पहिल्या रांगेत, इतका जवळ, आणि मध्ये जाड काच. मला त्या यंत्राचा नाही, माझाच संताप आला. उठलो, खुर्च्यांच्या मागं जाऊन एका खांबाशी उभा राहिलो. डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून.

खांद्यावर हात पडला. परसराम. त्यानं मला बखोटीला धरून ओढत पुढं नेलं, आणि तेव्हा मला दिसलं की मी काय चूक केली होती. ढावलो हा कार्यक्रम नव्हताच. खुर्चीत बसून ऐकायचा नव्हताच. तिचे सगळे एका रांगेत उभे होते, आई, मामा, चुलते, भाऊ, आणि दीपाली एकेकाच्या गळ्यात हात टाकून, मानेवर डोकं ठेवून, त्याच्यापुरता निराळा ढावलो म्हणत होती. खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या. परसरामनं मला स्वतःच्या आणि धाकट्या भावाच्या मध्ये उभं केलं.

ती बापाच्या गळ्यातून सुटली आणि माझ्या गळ्यात पडली. तिचं तोंड माझ्या डाव्या कानाला टेकलं. हळदीचा, घामाचा वास, ओल्या गालाचा स्पर्श. आणि मला ऐकू आलं. कानातून, गालाच्या हाडातून, कुठून कुठून ऐकू आलं. बाकी सगळ्यांशी ती गोरबोलीत (बंजाऱ्यांच्या भाषेत) गात होती, माझ्याशी मात्र मराठीत. त्याच चालीवर, तेच हुंदके.

"काका रे, रविवार माझे रिकामे काहून केले? काका रे, कोणतं गणित माझं चुकलं? फोन लावून लावून बोटं दुखली रे काका, तुम्ही माझ्यावर काहून रागावले?"

इतकी वर्षं ही पोर हे उराशी धरून होती! माझा राग! मी तिच्यावर रागावलो असं तिला वाटत होतं! मला रडू कोसळलं. अख्ख्या तांड्यासमोर, टोपी कुठं पडली कुणास ठाऊक, मी तिच्या डोक्यावर हात ठेवून ओरडलो, मोठ्यानं, कारण मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. "बहिरा झालो होतो गं पोरी! तुझं काही चुकलं नव्हतं! मला ऐकू येत नव्हतं आणि सांगायची लाज वाटली!"

ती मागं झाली. डोळे पुसले, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, नर्स रोग्याचा धरते तसा. मग पुन्हा वाकून कानाशी म्हणाली, आता गाण्यात नाही, साध्या शब्दांत, "काल पाहिलं तवाच मले कळलं होतं. तुम्ही सांगता का, तेवढं पाह्यचं होतं." आणि ती पुढच्या काकाच्या गळ्यात गेली.

दुपारी परतीच्या गाडीत बसलो. यंत्रं डबीत, डबी बॅगेत. डोकं उघडं. शेजारी एक शेतकरी येऊन बसला, हातापायाला हळदीचा पिवळा रंग, आणि माझ्याकडं वळून काहीतरी विचारू लागला. कालपर्यंत मी नुसती मान हलवली असती. या प्रवासात मी काय पाहिलं म्हणाल तर पळस पाहिला, हळद पाहिली, आणि मान हलवल्यानं एका पोरीचे किती रविवार गेले ते पाहिलं. मी कानावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "मला ऐकू येत नाही. जरा कानाशी येऊन बोलता का?"

"येतो ना," असं काहीसं म्हणून तो सरकला, माझ्या डाव्या कानाशी वाकला, आणि यवतमाळ येईपर्यंत बोलत राहिला.